नाल्यापलीकडची घरपट्टी

नगरपालिकेच्या टॅक्स खात्यात माणूस वर्षभर टिकला, की त्याच्याकडे रजा कमी आणि किस्से जास्त शिल्लक राहतात. पोस्टमन दारापर्यंत येतो, डॉक्टर खाटेपर्यंत येतो; पण आम्ही टेप घेऊन थेट स्वयंपाकघरात! घर मोजायला आलेल्या माणसाला लोक आधी शिव्या देतात, मग चहा देतात आणि चहासोबत घरातली सगळी हकीकत देतात. आता रिटायर होऊन किती वर्षं झाली, तरी आमची जुनी मंडळी जमली की कुणीतरी म्हणतंच, "अबे, तो गोठ्याचा किस्सा सांग ना!"

तर गोठ्याचाच आधी सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातलं आमचं गाव. नाव मुद्दामच सांगत नाही. नाल्याच्या अलीकडे जुनं गाव, बाजारपेठ, नगरपालिका आणि शाळा. पलीकडे माळी मंडळींचे वांगी-मिरचीचे मळे, आणि त्याच मळ्यांत प्लॉट पाडून मास्तर-कारकुनांनी बांधलेली नवी घरं. ही सगळी नवी वस्ती त्या वर्षी नगरपालिकेच्या हद्दीत आली. हद्दीत आली म्हणजे घरपट्टी आली! आणि ती लावायला गेलो मी, नवाकोरा कारकून. टेपचं दुसरं टोक धरायला सखाराम शिपाई. आणि आमच्या मागे, छत्री काखेत धरून, हेडक्लार्क नाना. नाना म्हणजे नियमाचा माणूस. घरातलं मांजर आडवं गेलं तरी ते कोणत्या कलमाखाली गेलं, हे विचारणारा.

पहिलंच घर तुळशीराम माळ्याचं. दोन खोल्या मोजल्या. तिसरीच्या दाराला तुळशीराम पाठ लावून उभा.

"हा गोठा हाये साहेब. गोठ्याले पट्टी नाई लागत."

नियम खरा होता. पण नानांनी हळूच दार ढकललं. आत खाट, खाटेवर मच्छरदाणी, कोपऱ्यात सुनेची पत्र्याची पेटी, आणि भिंतीवर टिकटिक करणारं नवं घड्याळ!

नाना घड्याळाकडे बघत म्हणाले, "तुळशीराम, गाय शिकलेली दिसते."

तुळशीराम जराही गडबडला नाही. म्हणाला, "हाव साहेब. धारेची येळ चुकू देत नाई!"

नाना हसले. पण खोली लिहायला लावलीच.

*

पट्टी लागली, की अपिलं येतात. "जास्त लागली, कमी करा," एवढा एकच मजकूर, खाली वेगवेगळे अंगठे. सुनावणीच्या दिवशी कचेरीच्या ओसरीत ही गर्दी! त्या गर्दीतून डोक्यावरची भाजीची पाटी न उतरवता एक बाई पुढे आली. तुळशीरामची बायको, कौसाबाई.

नाना म्हणाले, "गोठ्याचं अपील का?"

"नाई. माह्या घराची पट्टी शेजारनीपेक्षा कमी काऊन लावली? तिचं घर काय माह्याहून मोठं हाये?"

मी रजिस्टर काढलं. शेजारणीच्या घराला विटांची भिंत होती, हिच्या घराला मातीची. तसं समजावून सांगितलं.

कौसाबाई म्हणाली, "बरं. मंग दुसरं सांगा. पट्टी लागली म्हंजे आमी गावात आलो ना?"

"आलात."

"मंग शाळा काऊन अजून नाल्याच्या इकडंच?"

ओसरीतल्या माना डोलल्या. कारण गोष्ट खरी होती. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की पलीकडची पोरं चार-चार दिवस घरी. पोरींची तर पहिल्या पावसाळ्यातच शाळा सुटायची, ती कायमची. कौसाबाईच्या थोरलीची तशीच सुटली होती.

नानांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई, हे अपील या कायद्यात बसत नाही."

"मंग बसवा!" म्हणाली, आणि पाटी सावरत निघून गेली.

त्या दिवशी अठ्ठावीस अपिलं झाली. नानांनी घरी जाताना विचार केला तो फक्त एकाचा. मला माहीत आहे, कारण मी बरोबर चालत होतो आणि नाल्याशी थांबून नानांनी छत्रीच्या टोकानं पाण्याची खोली मोजून पाहिली.

*

नानांचंही घर नव्या वस्तीतच होतं. ते मोजायला मी मुद्दाम नाना कचेरीत असताना गेलो. साहेबाचं घर, म्हणून मागची पडवी सोडून दिली. सखाराम म्हणालाही, "हे पडवी राह्यली बे!" मी म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी नानांनी रजिस्टर उघडलं, वाचलं आणि टेप माझ्या हातात दिला.

"चल. पुन्हा मोजू."

"नाना, कुणाला कळणार आहे?"

"माझ्या घराचं माप तू कमी घेतलंस, तर उद्या मी तुळशीरामाच्या गोठ्यात कोणत्या तोंडानं शिरू?"

पडवी मोजली. पट्टी वाढली. घरातून नानांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, आवाज आला, "लोकांचे नवरे टॅक्स खात्यात असले की पट्टी कमी होते म्हणे. आमचं नशीब बघा!"

नाना टेप गुंडाळत मला म्हणाले, "हेही लिहून घे. एवढ्या आवाजानं भिंत हलली नाही, इमारत पक्की आहे!"

*

शाळेचा विषय अखेर सभेत आला. अध्यक्ष वकील होते, हुशार माणूस. ते म्हणाले, नाल्यापलीकडे एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर जुना कोंडवाडा आहे. तो पाडून बारा दुकानांचे गाळे बांधू. गाळ्यांच्या भाड्यातून नव्या वस्तीची शाळा चालवू.

झालं! बाजारपेठेतले व्यापारी खवळले. त्यांचे पुढारी किराणावाले शेठ. शेठ टेबलावर हात आपटून म्हणाले, "नाल्यापलीकडं गिऱ्हाईक कोन जाईन? लिहून ठेवा, त्या गाळ्यांत वटवाघळं राहातीन!"

तरी ठराव एका मताच्या फरकानं पास झाला. गाळे उभे राहिले. लिलावाच्या दिवशी कोपऱ्यावरच्या, दोन रस्त्यांना तोंड असलेल्या गाळ्यावर बोली चढत चालली. सगळ्यात वरची बोली मागून आली. वळून बघतो तर शेठ!

अध्यक्ष म्हणाले, "काय शेठ? तुम्हीच सांगत होता ना, तिकडं कोणी जाणार नाही म्हणून?"

शेठ शांतपणे म्हणाले, "गिऱ्हाईक जानार नाई म्हनलं होतं. मी जानार नाई, असं कुठी म्हनलं?"

*

गाळे झाले, पण शाळेची मंजुरी बाकी होती. त्यासाठी शिक्षण खात्याचे साहेब बुलढाण्याहून येणार. पटावर निदान चाळीस मुलं दिसली पाहिजेत, नाहीतर शाळा नाही. ज्या दिवशी साहेब आले, त्याच दिवशी देऊळघाटला कुणाचं तरी लग्न निघालं आणि अर्धी पोरं बैलगाडीत! उरलेली गोळा करून लिंबाखाली बसवली. साहेबांनी दोनदा मोजली. अडतीस.

"दोन कमी आहेत. मी काही करू शकत नाही," साहेब म्हणाले.

कौसाबाई बाजूलाच उभी होती. तिनं पाटी खाली ठेवली, जावेचा हात धरला आणि दोघी पोरांच्या रांगेत मांडी घालून बसल्या!

"बाई, हे काय?"

"दोन कमी होते ना? घ्या. झाले चाळीस."

"अहो, ही पहिलीची मुलं आहेत! तुमचं वय काय?"

"वय जास्त झालं म्हनता? बरं, मंग आमाले चौथीत बसवा!"

साहेब इतके हसले, की मळ्यात पाणी द्यायला गेलेल्या दोघा पोरांना बोलावून आणेपर्यंत थांबायला तयार झाले. चाळीस भरले, मंजुरी झाली. कौसाबाई उठून बाजाराला गेली. जाऊ मात्र पुढे खरंच महिनाभर येऊन बसली. आपलं नाव लिहिता आलं, तशी थांबली.

*

शाळेच्या खोल्या बांधून होईपर्यंत वर्ग भरवायचा कुठे? अकरा नंबरचा गाळा रिकामा होता, तिथे. डोणगावच्या एक तरुण बाई शिक्षिका म्हणून आल्या. सुमनबाई. आवाज बारीक, पण पाढे असे म्हणून घ्यायच्या की रस्त्यावरचे टांगेवाले ताल धरायचे!

शेजारी कोपऱ्यावर बारा नंबरमध्ये शेठचं किराणा दुकान. मधे फक्त पत्रा. शेठना हिशेब मोठ्यानं करायची सवय. एकदा गिऱ्हाईकाला म्हणाले, "सात शेर... सात साते एक्कावन..."

पत्र्यापलीकडून चाळीस पोरं एका सुरात ओरडली, "एकोणपन्नास!"

दुकानात हशा पिकला. शेठ तडक आमच्या कचेरीत. "नाना, थे शाळा माह्या शेजारून हलवा! धंदा नाई करू देत!"

नानांनी कोरा कागद आणि टाक पुढे केला. "तक्रार लेखी द्या. कारण स्पष्ट लिहा."

शेठनी टाक उचलला. शाईत बुडवला. कागदावर 'सात साते' एवढं लिहिलं. मग टाक खाली ठेवला, पाणी प्यायले आणि निघून गेले.

*

आता शेवटचा सांगतो. हा आम्ही सहसा कुणी सांगत नाही, कारण सांगता सांगता सखाराम मधेच उठून बाहेर जायचा आणि मग त्याच्यामागे सगळेच.

शाळा नव्या इमारतीत गेली. दुसरं वर्ष लागलं. गाळ्यांचं भाडं इमारतीच्या खर्चात गेलं होतं, आणि सरकारचं अनुदान कुठल्याशा कागदासाठी अडकलं. सुमनबाईंना चार महिने पगार नाही. त्यांच्या पगारावर डोणगावला आई आणि दोन धाकट्या बहिणी. बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. एका सोमवारी सकाळी राजीनामा टेबलावर ठेवला, नानांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "दहाच्या गाडीनं जाते. मुलांना सांगू नका, मला निघता येणार नाही."

बाई गेल्या की शाळा बंद, आणि पावसाळ्यात पोरं पुन्हा घरी.

पण सखाराम सायकल काढून निघाला होता. अर्ध्या तासात कचेरीच्या दारात नवी वस्ती उभी! पुढे तुळशीराम आणि कौसाबाई, मागे मास्तर, कारकून, माळी, सगळे.

"आमची पुढच्या वर्षाची पट्टी घ्या. बाईले पगार द्या," कौसाबाई म्हणाली.

नाना म्हणाले, "पुढच्या वर्षाची मागणीच निघालेली नाही. आम्ही मागितल्याशिवाय घेता येत नाही."

"तुमी नका मागू! आमी देऊन राह्यलो ना!"

नानांनी रजिस्टर मिटलं. मग उठून अध्यक्षांच्या खोलीत गेले आणि परत आले ते अध्यक्षांची सही घेऊनच. नोटिशींचं बुक उघडलं आणि स्वतःच्या हातानं पुढच्या वर्षाच्या मागणीची एकेक नोटीस लिहायला बसले. सखाराम ती घेऊन दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला बजावत होता. माणूस अंगठा उठवत होता आणि वळून माझ्या खिडकीशी पट्टी भरत होता. चौथ्या नंबरला शेठ. त्यांचं घर अलीकडच्या जुन्या गावात! त्यांनी नोटा ठेवल्या, मी पावती फाडली.

घड्याळात पावणेदहा झाले. एस.टी. स्टँड मैलभर दूर.

नानांनी बुकातून आणखी एक कोरी नोटीस फाडली, भराभर काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि सखारामच्या हातात दिली. "पळ. हिची पोच घेऊनच ये."

पुढचं सखारामनं सांगितलेलं. गाडी सुरू झाली होती. बाईंची ट्रंक टपावर चढली होती. सखाराम सायकल आडवी टाकून गाडीपुढे उभा राहिला.

"बाई! नगरपालिकेची नोटीस हाये तुमच्या नावाची!"

कंडक्टर ओरडला, "अबे, गाडी थांबवून नोटीस देते काय कोनी?"

बाई घाबरून खाली उतरल्या. नोटीस उघडली. छापील फॉर्म तोच, घरपट्टीचा. वर नाव: सौ. नाही, श्रीमती नाही, नुसतं 'सुमनबाई, शिक्षिका'. खाली नानांच्या वळणदार अक्षरात:

'आपणाकडे नव्या वस्तीची येणे बाकी: विद्यार्थी अठ्ठेचाळीस. भरण्याची मुदत: आज.'

बाईंनी ती दोनदा वाचली, कचेरीत पगारासाठी पट्टी कशी जमतेय ते सखारामकडून ऐकलं. मग सखारामकडे पेन्सिल मागितली. फॉर्मच्या तळाशी छापलेलं असतं, 'हरकत असल्यास येथे लिहावी.' गाडीच्या पत्र्यावर कागद टेकवून बाईंनी तिथे लिहिलं,

'हरकत नाही.'