तीन चिपर आणि सुमनबाईची बाही

लाल मशीन सुरू होतं आणि त्याच्या तोंडाशी सुमनबाई बोगनवेलीचा भारा घेऊन उभी होती. तिला तिथं मीच उभं केलं होतं. मार्चची सकाळ, नागपूरच्या बेसा भागातल्या एका नव्या वसाहतीमागचा रिकामा प्लॉट, आणि माझ्या हातात मी घरी बसून केलेला तक्ता. तक्त्यात नऊ रकाने. मी स्वतःवर फार खूश होतो.

आधी मी कोण ते सांगतो. तीस वर्षं सरकारी बागांमध्ये पर्यवेक्षक होतो. निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोला भाजी कशी चिरायची ते शिकवायला लागलो, तेव्हा तिनंच मला विजयभाऊकडे पाठवलं. विजयभाऊ झाडं छाटायची कंत्राटं घेतो. माझ्या मुलाच्या वयाचा आहे, मला काका म्हणतो, पण मालक तो. त्याच्याकडे झाडावर चढणारे आणि करवत चालवणारे पाच पुरुष आहेत, आणि खाली पडलेल्या फांद्या ओढून, बांधून ट्रॉलीत भरणाऱ्या चार बाया. सुमनबाई त्या चौघींची मुकादम. उंची जेमतेम पावणेपाच फूट, आणि भारा असा बांधते की ट्रॉलीतून पडला तरी सुटत नाही.

त्या वर्षी वसाहतीनं कंत्राट देताना दोन अटी घातल्या. फांद्या जाळायच्या नाहीत, आणि छाटलेल्या दिवशीच उचलायच्या. वाचायला सोप्या वाटतात. पण फांद्यांनी भरलेल्या ट्रॉलीत लाकूड कमी आणि हवाच जास्त असते. एका मोठ्या गुलमोहराला चार फेऱ्या लागत. म्हणून चिपर घ्यायचं ठरलं. चिपर म्हणजे फांद्या चावून त्यांचा चुरा करणारं मशीन. एका बाजूनं फांदी आत टाकायची, दुसऱ्या बाजूनं बोटाच्या पेराएवढ्या चिपा उडतात. चार ट्रॉल्यांचा माल एका कोपऱ्यात मावतो, आणि झाडांच्या आळ्यात पसरला तर ओल धरून ठेवतो.

विजयभाऊचा हिशेब सरळ होता. मशीन आलं की दोन माणसं पुरतील, चार बायांचं काम उरणार नाही. त्यानं हे सुमनबाईच्या देखत सांगितलं, लपवलं नाही, एवढं त्याचं श्रेय. ती म्हणाली, "मंग मशीनच्या तोंडात फांद्या कोन टाकीन? मानसं तं झाडावर रायतीन." मी लगेच मध्ये पडलो. तीन कंपन्यांची मशीनं एकाच दिवशी बोलावू, म्हटलं, आणि सुमनबाईलाच चालवू द्या. जमलं तर चौघीही राहतील. एक टाकेल, बाकीच्या आणून देतील. विजयभाऊ म्हणाला, जमलं तं ठेवू. सुमनबाईची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी बसणं सुमनबाईला परवडणारं नव्हतं. ती हे बोलली नाही, पण मला ठाऊक होतं. तेव्हा त्या दिवशी परीक्षा मशीनची होती तशी तिचीही होती, आणि पेपर मी काढला होता.

कंपन्यांची नावं सांगत नाही. कोणाची फुकट जाहिरात नको आणि फुकट बदनामीही नको. रंगावरून ओळखा. लाल मशीन परदेशी, आठ इंची. म्हणजे आठ इंच जाडीची फांदी गिळणारं. पिवळंही आठ इंची, पण बरंच स्वस्त. हिरवं आपल्याच देशात बनलेलं, सहा इंची, दिसायला गरीब. माझ्या तक्त्यात लाल पहिलं आणि हिरवं शेवटचं होतं. रकाने असे: तोंड किती इंची, इंजिन किती ताकदीचं, तासाला डिझेल किती, पाती कुठं मिळतात, मेकॅनिक कुठून येतो, वगैरे. सातवा रकाना 'रोलर थांबवायचा दांडा'. चिपरच्या तोंडात दातेरी रोलर असतात. फांदीचं टोक लागलं की ते तिला स्वतःच आत ओढतात, ढकलावी लागत नाही. म्हणूनच ते थांबवायला बाहेर एक दांडा असतो. तिन्ही मशीनांपुढे 'आहे' असं लिहून मी पुढच्या रकान्याकडे गेलो होतो.

कंपन्यांची माणसं येताना आपापलं लाकूड घेऊन आली. सरळसोट निलगिरीचे वासे. मुलगी दाखवायच्या दिवशी शेजाऱ्यांचे सोफे आणावेत तसं. मी ते बाजूला ठेवायला लावले. नागपुरात निलगिरी छाटायला कोण बोलावतं? आमच्या वाट्याला येतो दोन तोंडांचा गुलमोहर, पाल्यानं भरलेला कडुनिंब आणि कुंपणावरची बोगनवेल. बोगनवेल सगळ्यात वाईट. तिचे काटे आकड्यासारखे वाकडे, धरलं की सोडत नाहीत.

लाल मशीननं गुलमोहराचे बेचके असे खाल्ले की विजयभाऊ हसायला लागला. सुमनबाईही बाजूला उभी राहून नीट टाकत होती, सांगितलं होतं तसं. मग बोगनवेलीची पाळी आली. आमच्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालतात, काटे आणि ऊन दोन्हींसाठी. तिच्या उजव्या बाहीचं बटण तुटलेलं होतं. भारा आत गेला, एक काटा बाहीत अडकला, आणि फांदीबरोबर बाही आणि बाहीबरोबर हात निघाला. ती दोन पावलं ओढली गेली. दांडा तोंडाच्या वरच्या कडेला होता. तिनं डावा हात वर केला. बोटं आणि दांडा यांच्यामध्ये एक वीतभर अंतर उरलं.

लाल कंपनीचा ऑपरेटर शेजारीच होता. सहा फुटी गडी. त्यानं तळहात मारला आणि रोलर थांबले. बाही कोपरापर्यंत फाटली होती. हाताला खरचटलंसुद्धा नव्हतं. तक्ता हातातून कधी पडला ते कळलं नाही.

विजयभाऊनं स्वतः जाऊन इंजिन बंद केलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बस झालं," तो म्हणाला. "आता एकबी बाई मशीनजवळ येनार नाही. काका, मी तुमाले पयलेच सांगितलं होतं, दोन मानसं पुरतीन." तो वाईट माणूस नाही. तो घाबरला होता, आणि घाबरायलाच हवं होतं. पण बायांचं काम टिकवायला निघालेला मी, माझ्याच हातानं ते घालवून बसलो होतो.

सुमनबाई खाली बसून पाणी प्यायली. फाटलेली बाही उलटसुलट करून पाहिली. मग उठली.

"मालक, हात माहा चालला होता. तं मले बोलू द्या," ती म्हणाली. "हा दांडा ज्यानं लावला, त्यानं मले पाह्यलं नोतं. त्याच्या गावात मानसं उंच असतीन. बाकीच्या दोघांचा दांडा कुठं हाय थे पाहू द्या. इंजिन बंदच ठेवा."

लाल कंपनीचा तरुण विक्रेता सभ्य होता. मॅडमना उभं राहायला एक प्लॅटफॉर्म करून देऊ, म्हणाला. मी त्याला सांगितलं, बाबा, त्या तोंडासमोर पाटावर उभं राहून कोणी घसरलं तर थेट नैवेद्यच.

पिवळ्या मशीनला दांडा नव्हताच, एक लाल बटण होतं. ते इंजिनाच्या बाजूला, तोंडापासून दोन पावलांवर. माझ्या तक्त्यात त्याच्यापुढेही 'आहे' होतं. सुमनबाईनं उजवा हात तोंडात अडकल्यासारखा धरला आणि डाव्यानं बटण शोधायचा प्रयत्न केला. हात पोचला नाही.

हिरव्या मशीनचा दांडा खालच्या कडेला होता, मांडीच्या उंचीवर, तोंडाच्या पूर्ण रुंदीचा. मला तो आधी बंपर वाटला होता. सुमनबाईनं फाटलेल्या बाहीचं टोक माझ्या हातात दिलं, मला मशीनच्या तोंडाच्या बाजूला उभं केलं आणि म्हणाली, "वढा, भाऊ." मी ओढलं. ती पुढे झुकली, तिची मांडी दांड्याला लागली आणि खट्कन आवाज आला. मशीन चालू असतं तर त्या क्षणी रोलर थांबले असते. हात वर करायची गरजच नव्हती. जो तोंडाकडे ओढला जाईल, त्याचं अंगच मशीन थांबवणार.

तिनं बाकीच्या तिघींना बोलावलं. तीनदा खट् झालं. मग ती विजयभाऊकडे पाहत राहिली. तो सहा फुटांना दोन बोटं कमी. कुरकुरत आला, वाकला, खट्.

हिरव्या कंपनीचा मेकॅनिक वयस्कर होता, फार बोलत नव्हता. एक गोष्ट मात्र त्यानं न विचारता सांगितली. मोठा भारा टाकताना हा दांडा चुकून दाबला जातो, मशीन पुन्हापुन्हा थांबतं. मग लोक वैतागून त्याला तार बांधून टाकतात. तसं करणार असाल तर हे मशीन घेऊ नका, म्हणाला. विक्रीला आलेला माणूस असं बोलतो तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहतो. सुमनबाई म्हणाली, "तार कोन बांधते थे मी पाहीन."

पण विजयभाऊची गाडी अजून अडलेली होती. "सहा इंची घेऊन करू काय? आपल्या फांद्या तं मांडीएवढ्या रायतात."

"मनगटापेक्षा जाड लाकूड आपन कधी फेकलं?" तिनं विचारलं. "थे तं तुमीच येगळं काढाले लावता नं."

तिथं आम्ही दोघंही गारद झालो. आमच्याकडे पहिल्यापासूनची पद्धत अशी की मनगटाहून जाड लाकूड बाजूला काढायचं. त्यातलं बरं ते लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत जातं, उरलेलं बाया चुलीसाठी नेतात. कटकट सगळी बारीक फांद्यांची. मी पंधरा दिवस आठ इंची आणि सहा इंची यांची तुलना करत होतो, आणि त्या तोंडात जाणार होत्या मनगटाहून बारीक काड्या. भारे बांधणाऱ्या बाईला कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

मग हिरवं मशीन सुरू केलं. लालपेक्षा हळू होतं, हे लपवत नाही. पाल्याच्या कडुनिंबानं ते दोनदा गुदमरलं, पण इंजिन मंदावलं की रोलर आपोआप थांबायचे आणि वेग आला की पुन्हा ओढायला लागायचे. बोगनवेल शेवटी टाकली. फाटकी बाही खांद्यापर्यंत गुंडाळून सुमनबाईनंच टाकली, एका बेचक्याच्या काठीनं लांबून ढकलत. ती काठी तिनं तेवढ्यात स्वतः तोडून घेतली होती. कोणी सांगितलं नव्हतं.

विजयभाऊनं मशीनभोवती दोन चकरा मारल्या. मग तिच्यासमोर येऊन थांबला. "जमन?"

"जमन. पन आधी नीट शिकवा. आन या तिघींलेबी शिकवा. मी एक दिवस नाही आली तं?"

तो हसला, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी त्या वयस्कर मेकॅनिकला मिठीच मारली. तो बिचारा दचकला.

आता त्या मशीनचा दुसरा उन्हाळा चालू आहे. चौघी कामावर आहेत. सुमनबाईचा रोज करवतवाल्यांइतका झाला; मागावा लागला, पण झाला. मशीनवर घट्ट बाहीचं जाकीट घालतात, आणि बांगड्या काढून डब्याच्या झाकणात ठेवतात. चिपा वसाहतीच्या झाडांच्या आळ्यात जातात. मे महिन्यातही वरचा थर हातानं बाजूला केला की खाली माती ओली लागते. तिथला मॅनेजर ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असतो. एकदा घाईच्या दिवशी विजयभाऊनं दांड्याला खरंच तार बांधली. सुमनबाईनं ती पकडीनं तोडली, गुंडाळी करून त्याच्या हातात दिली आणि तो खिशात घालीपर्यंत मशीन सुरू केलं नाही.

फाटका शर्ट तिनं दुसऱ्याच दिवशी शिवून आणला होता. बटणही लावलं होतं.

कामाची ख्याती झाल्यापासून इतर कंत्राटदारांचे मला फोन येतात. काका, कोणता चिपर घेऊ? किती इंची? लाल घेऊ की पिवळा? पूर्वी मी त्यांना तक्ता पाठवला असता. आता मी एकच विचारतो, तुमच्याकडे सगळ्यात बुटकं कोण आहे? म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं त्यांना वाटत असणार. वाटू दे. मी म्हणतो, त्या माणसाला मशीन बघायला घेऊन जा, इंजिन बंद ठेवायला सांगा, आणि त्याची बाही ओढून पाहा.