दाखला घेऊन पळणारे सर

आता कसं सांगू तुम्हाला! आपलीच फजिती आपल्याच तोंडानं सांगायची म्हणजे जिवावर येतं. पण चहा आलाय, तुम्हीही मांडी घालून बसलाच आहात, तर सांगून टाकतो. हसायचं असेल तर हसा. फक्त आमच्या कंपनीत बोलू नका, तिथं अजून निम्म्या लोकांना माहीत नाही.

आम्ही राहतो बजाजनगरात. मी वाळूजला एका कंपनीत हेल्पर. स्वभावानं असा लाजरा, की रिक्षात बसलो आणि उतरायची जागा मागं गेली, तरी 'थांबवा' म्हणायला मला पुढचा चौक उजाडतो. घरात आई आणि धाकटी बहीण कोमल. वडील तेव्हा गावाकडं, दोन म्हशी घेऊन चारा छावणीत मुक्कामाला होते.

कोमल सातवी पास झाली. जवळची शाळा सातवीपर्यंतच, म्हणजे आता हायस्कूल शोधायचं. आणि मला त्याचीच धास्ती! मी स्वतः नववीतून शाळा सोडलेली. सोडली म्हणजे काय, त्या साली पाऊस नव्हता, घरचे म्हणाले, एक वर्ष थांब. थांबलो. अजून थांबलेलोच आहे. कोमलचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

तर एका रविवारी दुपारी दारात स्कूटर थांबली. आईनं आधी ड्रमवर झाकण टाकलं. त्या उन्हाळ्यात टँकर कधी यायचा याचा नेम नव्हता, त्यामुळं अनोळखी माणूस दिसला की आमच्या गल्लीत दाराला कडी नंतर, ड्रमला झाकण आधी.

"कोमलचं घर हेच ना? मी ढाकणे सर. पलीकडच्या नव्या प्लॉटिंगमध्ये आमचं हायस्कूल आहे. तुमची मुलगी फार हुशार आहे असं कळलं."

हे आम्हालाच कळलेलं नव्हतं. कोमलसकट आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो.

"शाळेत पाणी हाय का?" आईनं विचारलं.

"बोअर आहे ना, ताई! भर मे महिन्यात पाणी. पोरी घरी जाताना बाटल्या भरून नेतात."

"मग घ्या नाव."

झालं! गणिताला कोण, इंग्रजीला कोण, काही विचारणं नाही. बोअर आहे म्हटल्यावर शिक्षणाचा प्रश्न सुटला.

सरांनी पिशवीतून अर्ज काढला, स्वतःच भरला, आईची सही घेतली. मग जुन्या शाळेचा दाखला मागितला. "ओरिजनलच द्या," म्हणाले, "उन्हात तुम्ही कशाला येता, मी जमा करतो." ग्लासातलं निम्मं पाणी प्यायले, निम्मं आईला परत दिलं आणि गेले.

"देवमाणूस हाय रं," आई म्हणाली. पाणी परत देणाऱ्या माणसाबद्दल त्या दिवसांत दुसरं काय म्हणणार?

मीही खूश. दुसऱ्या दिवशी कंपनीत चहाच्या सुट्टीत शफीकला सांगितलं. शफीक माझा दोस्त, माझ्याच मशीनवर असतो. मी जेवढा कमी बोलतो तेवढं तो माझ्या वाटचंही बोलतो.

"क्या बोलता! घर कू आ के अर्ज ले गया?"

"व्हय."

"पावती दिया?"

"नाय."

"सिक्का मारा?"

"घरी कुठला शिक्का?"

"और ओरिजनल दाखला बी दे डाला?"

मी मान डोलावली. शफीकनं चहाचा कप खाली ठेवला. शफीक अर्धा चहा खाली ठेवतो म्हणजे प्रकरण गंभीर!

"अबे, अपन कू राशन दुकानवाला दस चक्कर के बाद बी नक्को बोलता. और शाळा खुद चल के तेरे घर कू आती? मियाँ, वो सर था बी के नहीं?"

खरंच की हो! आमच्या गावाकडं हायस्कूल एकच. तिथं बापानं हेडमास्तरांपुढं हात जोडायचे, तेव्हा पोराचं नाव लागायचं. पोरगी द्या म्हणून दारात येणारे सर कधी कुणी पाहिलेत का? आणि दाखला नाही म्हणजे दुसरी कुठलीही शाळा दारात उभं करणार नाही. म्हणजे कोमल घरी. म्हणजे एक वर्ष. म्हणजे मी!

"एक काम कर," शफीक म्हणाला, "दूसरी शाळा बी देख के रख."

संध्याकाळी चौकातल्या दुसऱ्या हायस्कूलमध्ये गेलो. क्लार्कपुढं बराच वेळ नुसता उभा राहिलो. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय पाहिजे?"

"आठवीत जागा आहे का?"

"जागाच जागा! दाखला आणा, आत्ता नाव टाकतो."

"दाखला ढाकणे सरांकडं गेलाय."

हे ऐकून त्या माणसाचा चेहरा असा फुलला, जणू नळाला पाणी आलं. "अस्सं! मग जा आणि परत घेऊन या. आम्ही सायकल देतो. आणणार ना?"

मला खरं तर 'विचार करतो' म्हणायचं होतं. पण समोरच्याला नाही म्हणणं मला जमत नाही. मी "हो" म्हणालो आणि घरी आलो. या एका 'हो'नं पुढं काय रामायण घडलं, ते मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी ढाकणे सरांच्या शाळेत. एवढंच विचारायचं, की अर्ज जमा झाला का? फाटकातून बघतो तर सर व्हरांड्यात उभे! चला, सर तरी खरे निघाले. मी हात वर केला. सरांनी मला पाहिलं, दचकले, आणि झर्रकन आत गेले.

मी शिपाईमामांना म्हटलं, "ढाकणे सरांना भेटायचंय."

"सर नाहीत."

"आत्ता तर दिसले!"

"दिसले असतील. पण नाहीत."

परत आलो.

फोन केला. "सर, मी कोमलचा भाऊ..."

"हॅलो? हॅलो? आवाज येत नाही!"

मला मात्र त्यांचं 'आवाज येत नाही' एकदम स्वच्छ ऐकू येत होतं.

मग एकदा रस्त्यातच गाठ पडली. समोरून सरांची स्कूटर, इकडून मी सायकलवर. मी हात केला. सरांनी भर रस्त्यात स्कूटर वळवली आणि अशी पळवली, की दौलताबादचा किल्ला येईपर्यंत मागं वळून पाहिलं नसेल!

आता मला सांगा, ज्यानं अर्ज नीट जमा केलाय, तो माणूस पळेल का?

इकडं आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती गुलमंडीला जाऊन गणवेशाचं कापडही घेऊन आली. निळ्या चौकडीचं. अख्ख्या बाजारात फिरून सरांनी सांगितलेलीच चौकडी शोधली. कोमल ते अंगाला लावून आरशासमोर उभी. मला म्हणते, "दादा, बघ ना रे!" मी काय बघणार? मला त्या प्रत्येक चौकडीत ढाकणे सर पळताना दिसत होते.

आणि एक दिवस मी ड्युटीवरून आलो तर घरात नवं कोरं दप्तर!

"सर येऊन गेले," आई म्हणाली. "कोमलला दप्तर दिलं. आणि तुझ्यासाठी निरोप हाय. म्हणले, भावाला सांगा, घाईघाईत काय बी करू नका, जरा दम धरा."

दम धरा! म्हणजे अजून काहीच झालेलं नाही! मी ड्युटीवर असताना येतात, मी शाळेत गेलो की लपतात, वरून दप्तर! शफीकला सांगितलं तर तो म्हणाला, "देख, दाखला गुमाया उसने. अब दप्तर दे के मुँह बंद कर रहा."

आता लपवून चालणार नव्हतं. शाळा सुरू व्हायला आठवडा राहिला होता. मी आईपुढं बसलो आणि सगळं सांगितलं.

आई ऐकत गेली आणि तिचा पदर हळूहळू कमरेला खोचला गेला. तिनं तो पुरता खोचला, की पुढचं कुणाच्या हातात राहत नाही.

"देवमाणूस म्हणले व्हय मी त्याला! चल. आत्ताच्या आत्ता चल!"

आमची वरात निघाली. पुढं आई, मागं कोमल दप्तर घेऊन, कारण ते सरांच्या तोंडावर टाकायचं होतं. मग शफीक, आणि सगळ्यात शेवटी मी. शफीक शाळेच्या मागच्या फाटकाशी जाऊन थांबला. म्हणाला, "भागेगा तो इधरसेच भागेगा."

आणि खरंच भागले! आई पुढच्या दारानं आत शिरली, तसे ढाकणे सर मागच्या दारानं बाहेर, आणि थेट शफीकच्या मिठीत. "आओ सर, आओ, कब से राह देख रये आपकी!" असं म्हणत त्यानं सरांना मुख्याध्यापक बाईंच्या खोलीत आणलं.

आई तोंड उघडणार, तेवढ्यात सरांनीच तिच्यापुढं हात जोडले.

"ताई, पाया पडतो, पण दाखला परत मागू नका!"

"दाखला कुणाला पायजे?" आई ओरडली. "माझ्या पोरीला शाळा पायजे! तिचं नाव लावा!"

सर म्हणाले, "आँ?"

आई म्हणाली, "आँ काय आँ?"

तेवढ्यात बाहेर बोअरची मोटर चालू झाली. म्हणजे बोअर तरी खरी होती.

बाईंनी कपाटातून कोमलचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. शिक्का, सही, खाली टाचलेला दाखला, सगळं जागच्या जागी. ज्या रविवारी सर आमच्याकडं आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी जमा! म्हणजे मी आणि शफीक चहा खाली ठेवून काळजी करत होतो, तेव्हा कोमलचं नाव लागलेलं होतं.

"मग सर, तुम्ही पळत का होता?" मी विचारलं.

"तुम्हीच नाही का त्या चौकातल्या शाळेत सांगून आलात, दाखला परत आणतो म्हणून? तो क्लार्क माझ्याच गल्लीत राहतो. रोज सकाळी विचारतो, 'काय सर, सायकल तयार आहे, दाखला कधी देताय?'"

बाई हसून म्हणाल्या, "अहो, परवापर्यंत इथं बाजरी होती. आता प्लॉट पडले, आणि प्लॉट तिथं शाळा. पोरं तेवढीच, शाळा दुप्पट. काठावरची तुकडी आमची. तुमची कोमल गेली असती तर तुकडी गेली असती, आणि तुकडी गेली की ढाकणे सरांची बदली कुठल्या कुठं! म्हणून उन्हातान्हात दारोदार हिंडतात बिचारे."

घ्या! मी समजत होतो, आम्ही शाळेच्या दारात याचक. आणि इथं शाळाच आमच्या दारात! सर मला घाबरत होते. मला! ज्याला रिक्षावालाही घाबरत नाही!

आई पदर सोडून हसायला लागली. कोमलनं दप्तर गुपचूप पाठीवर अडकवलं. शफीक तर सरांच्या खांद्यावर हात ठेवून "मैं बोल रा था ना, सर अच्छे आदमी है" असं सांगत होता. निर्लज्ज!

सगळं इथंच संपलं असतं. पण बाईंनी मला सहज विचारलं, "एवढी कसली काळजी करत होता हो तुम्ही?"

आणि काय झालं कुणास ठाऊक, जन्मात पहिल्यांदा मी सलग बोललो. म्हटलं, बाई, शाळा एक वर्ष सुटली की सुटतेच. माणूस रोज म्हणतो, पुढच्या जूनला जाऊ. शाळेत जाणारी पोरं दिसली की रस्ता बदलतो. वाचता येत असूनही पाटी दुसऱ्याला वाचायला सांगतो. माझ्या बहिणीचं तसं होऊ नये. बोलून झाल्यावर बघतो तर ढाकणे सर डोळे पुसत होते.

"कितवीत सोडली तुम्ही?"

"नववीत."

"मग तुम्ही कशाला थांबलात? सतरा नंबरचा अर्ज भरायचा, घरी अभ्यास करायचा आणि बाहेरून दहावीला बसायचं! अर्ज सुटले की पहिला तुमचा भरतो. भरू ना?"

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. कोमल तर डोळे एवढे मोठ्ठे करून! आता सांगा, मला नाही म्हणता येतं का?

"हो," मी म्हणालो.

ढाकणे सर पुन्हा आमच्या घरी आले. अर्ज स्वतःच भरला, सही माझी घेतली. म्हणाले, उन्हात तुम्ही कशाला येता, मी जमा करतो. तेव्हापासून कोमल रोज संध्याकाळी मला बीजगणित शिकवते. चुकलं की पट्टी उगारते. आई तिला म्हणते, "मार, मार, लाजू नको."

आणि मी? मी सध्या देवाकडं एकच मागणं मागतोय, की बाबा रे, तो अर्ज कुठंतरी नीट जमाच झालेला नसू दे!