पाचानंतर सहावी नाही

उस्तिन्या प्रोखोरोव्ना झाम्कोवा मूळची रशियातल्या तुला शहराची. तिथल्या बंदुकीच्या कारखान्यात तिनं बावीस वर्षं रायफलींचे बोल्ट, म्हणजे दर गोळीनंतर हातानं मागंपुढं ओढायचे खटके, तपासले. बावीस वर्षांत एकही वाकडा बोल्ट आपल्या हातून पुढं गेला नाही, हे ती कुणी न विचारताही सांगायची. युद्धात माणसांची पांगापांग झाली तेव्हा ती दूर कझाखस्तानात, अल्मा-अताला येऊन पडली. मोठ्या शहरांतले सिनेमावालेही तिथंच येऊन राहिले होते. त्यांना बंदुकांतलं कळणारं माणूस हवं होतं, हिला काम हवं होतं. जमलं.

तिच्या कोठारात चौतीस रायफली होत्या. त्यांतल्या चार खऱ्या, आणि त्याही झिजलेल्या. बाकीच्या सुतारानं सफरचंदाच्या खोक्यांच्या फळ्यांतून कोरलेल्या. खऱ्या पुढच्या रांगेच्या हातात, लाकडी मागच्यांच्या. जर्मनांच्या बंदुका तर चक्क स्टुलाच्या पायांच्या होत्या. चांगल्या रायफली आघाडीवर होत्या आणि त्या तिथंच असायला हव्यात, याबद्दल उस्तिन्याची तक्रार नव्हती. लाकडी बंदुकांनाही ती तेल लावून पुसून ठेवायची. सुतार हसायचा, तर म्हणायची, "तू हसून घे. पडद्यावर ती बंदूकच असते."

राहायला ती राबिगाकडे होती. ही कझाख बाई तिच्याच वयाची, अंगणात जर्दाळूचं झाड, आणि घरात चहाचं पाणी उकळायचा एक पितळी समोवार. त्यावर तुला शहराचा शिक्का होता. तो पाहूनच उस्तिन्यानं खोली पक्की केली. भाडंसुद्धा विचारलं नाही. परक्या गावात माहेरचं कुणी भेटावं तसं तिला झालं होतं. दुधाचा चहा आणि राशनच्या पिठाचे तळलेले चार गोळे पुढ्यात असले की ती सुखात असायची. खोटं कशाला सांगा, युद्धाच्या दिवसांतही बाई सुखात होती.

त्या सुखात एका पत्रानं मिठाचा खडा टाकला. तिचा मुलगा येगोर आघाडीवर होता. त्यानं लिहिलं होतं:

"आई, आम्हाला जंगलात चादर बांधून सिनेमा दाखवला. नायकानं एकाच रायफलीतून बोल्टला हात न लावता अकरा गोळ्या झाडल्या. आमचा सार्जंट ओरडला, ही रायफल मला द्या, उद्याच बर्लिन घेतो! सगळे पोट धरून हसले. पुढं नायक मेला, तरी हसणं थांबेना. तो सिनेमा तुमच्याकडचाच होता का गं?"

तो उस्तिन्याच्या यायच्या आधीचा होता. पण तिला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. पाच गोळ्यांची रायफल! पाच झाल्या की पुन्हा भरायची, हे तुलात शेंबडं पोरही सांगेल. मरणाच्या दारात बसलेली पोरं आपल्या माणसाच्या मरणावर हसली, आणि ती बंदुकीपायी. तिनं मनाशी ठरवलं, माझ्या हातातून गेलेल्या बंदुकीला जवान हसणार नाहीत.

नवा सिनेमा सुरू झाला. एक खेड्यातली पोर गवताच्या कोठारातून एकटी जर्मनांना अडवते, असा प्रसंग होता. दिग्दर्शक वेनियामिन ओसिपोविच म्हणाले, "ती झाडत राहील. आवाज आपण मागाहून घालू, बारा-पंधरा."

"पाच," उस्तिन्या म्हणाली. "मग भरेल. मग पुन्हा पाच."

"प्रोखोरोव्ना, ती काडतुसं भरत बसली तर सगळी रंगत जाईल. प्रेक्षक तिचे डोळे बघतो हो, बंदूक नाही!"

"इथला बघत असेल डोळे. तिथला बंदूकच बघतो." आणि तिनं येगोरचं पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला. "भरायला दोन सेकंद देतो," म्हणाले. "वर एक क्षण नाही. आणि फिल्म एकदाच पुरेल एवढी आहे."

मग आठ दिवस राबिगाच्या अंगणात शाळा भरली. रिम्मा नावाची ती नटी जर्दाळूखाली गुडघे टेकून बसायची. पत्र्याच्या पट्टीत अडकवलेली पाच काडतुसं, बार नुसता, गोळी नाही. पट्टी रायफलीवर टेकवायची, अंगठ्यानं काडतुसं खाली दाबायची, बोल्ट पुढं.

"अंगठा! अंगठा, माझे आई! तू पीठ मळतेयस का?" उस्तिन्या ओरडायची.

"नख तुटलं, प्रोखोरोव्ना."

"तुटू दे. नखानं कोण लढतं?"

राबिगा चहा ओतता ओतता वेळ मोजायची. "एवढ्यात माझ्या तीन वाट्या भरल्या," ती म्हणायची. "जर्मन चहा पिऊन परत गेला गं!" आठव्या दिवशी मात्र तिची एक वाटीही भरली नाही. उस्तिन्यानं पोरीला आपल्या ताटातला गोळा दिला.

चित्रणाच्या दिवशी सकाळी उन्हात कॅमेरा लागला. रिम्मानं पाच बार काढले, प्रत्येक वेळी बोल्ट ओढून, अगदी शिकवल्याबरहुकूम. मग एप्रनच्या खिशातून पट्टी काढली, आणि ती निसटली. गवतात पडली. पोर घाबरली, रडकुंडीला आली, दोन्ही हातांनी गवत उपसू लागली. सापडली पट्टी, तर ती उलटी धरली. सरळ केली, भरली, आणि झाडलं.

उस्तिन्या कॅमेऱ्यापाशी धावली. बावीस वर्षांत वाकडा बोल्ट गेला नव्हता. आता हे जाणार होतं. "पुन्हा घ्या," ती दिग्दर्शकांच्या मागं लागली. "मी पाया पडते. हा भाग कापा. हवं तर पंधरा आवाज घाला!"

पण ज्यांना दोन सेकंद जड जात होते, ते आता हटून बसले. "फिल्म संपली. आणि असती तरी हेच ठेवलं असतं."

चार महिन्यांनी शहरातल्या लष्करी इस्पितळात तो सिनेमा दाखवला. दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर चादर ताणली. उस्तिन्या मागं दारापाशी उभी राहिली. वेळ आलीच तर पळायला बरं.

कोठाराचा प्रसंग आला. पहिला बार झाला तसं अंधारात कुणीतरी हळूच म्हणालं, "एक." दुसऱ्या बाराला चार-सहा आवाज. चौथ्याला अख्खी खोली मोजत होती. "पाच!" आणि सगळे एकदम गप्प. हे लोक आता सहाव्याची वाट बघत होते, हे तिला कळत होतं.

सहावा आला नाही. रिम्माचा हात खिशात गेला. पट्टी पडली.

आणि कुणीतरी मोठ्यानं हसलं.

उस्तिन्यानं दाराची कडी धरली. हसणारा तिच्या पुढ्यातच बसला होता, उजव्या बाहीत हात नसलेला एक दांडगा जवान. "माझीही पडली होती!" तो शेजाऱ्याला सांगत होता. "पहिल्याच लढाईत, बर्फात! अशीच शोधत होतो, देवाशप्पथ, अशीच!"

"माझी चिखलात," दुसरा म्हणाला.

"उलटी धरली बघ, उलटी! फिरव, पोरी, फिरव!"

सगळी खोली त्या पोरीला ओरडून सांगू लागली. त्या एका हाताच्या जवानाची रिकामी बाही हलत होती. नसलेल्या अंगठ्यानं तो काडतुसं दाबत होता. बोल्ट पुढं गेला तेव्हा सगळ्यांनी मिळून श्वास सोडला. शेवटी ती पोर मेली, तेव्हा कुणी हसलं नाही. तो जवान डाव्या हातानं नाक पुसत मागं वळला. "आई, तिच्या हातात बंदूक कुणी दिली हो? सिनेमावाल्याचं काम नव्हे हे."

"मी," उस्तिन्या म्हणाली, आणि तिला हुंदका आला. तुला शहर सोडल्यापासून तिला इतका आनंद झाला नव्हता.

घरी राबिगानं समोवार पेटवला होता. चहा निवत राहिला आणि उस्तिन्यानं येगोरला पत्र लिहिलं.

"लेका, आमच्या सिनेमात पाचाच्या पाचच गोळ्या आहेत. मग पट्टी पडते. इथले जवान हसले. तुझीही कधी पडली असेल, तू मला कळवलं नाहीस. तुमच्याकडे हा सिनेमा आला की खुशाल हस."