शांतवनरावांचं अर्धं पान

शांतवन पाटोळे चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत होते. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि खोट दिसली की लाल खूण करून बाजूला टाकायचे, हे त्यांनी उभा जन्म केलं. कंपनीने हारतुरे घालून घरी पाठवलं, पण डोळ्यांना लागलेली सवय काही रिटायर झाली नाही. मोशीच्या फ्लॅटमध्ये बायकोच्या भाकरीचा काठ, सोसायटीची लिफ्ट, चर्चमधल्या पाळकसाहेबांचा उपदेश, काहीच त्यांच्या तपासणीत पास होईना.

तोंडावर बोललं तर माणसं उलट बोलतात. म्हणून शांतवनरावांनी प्रार्थनेची वाट धरली. घरोघरच्या प्रार्थनासभेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, आणि देवाशी बोलणाऱ्याला मध्येच अडवायची कोणाची छाती होत नाही. ते हात जोडून सुरू करत, "हे प्रभू, उशिरा येणाऱ्यांना घड्याळ बघायची बुद्धी दे. पेटी वाजवणाऱ्या भगिनीला थोडा सूर दे." ऐकणारे दातओठ खात आमेन म्हणत.

एकदा त्यांनी उद्धवरावांना धरलं. उद्धवराव त्यांच्याच गावचे, नेवाशाकडचे. दोघं एकाच ट्रकमधून पिंपरीला आले, एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले. मंडळीत ढोलकी उद्धवरावांचीच. "हे प्रभू," शांतवनराव म्हणाले, "ढोलकीवाल्या बंधूचे हात आवर. हे तुझं भजन आहे, लग्नाची वरात नाही." त्या दिवशी उद्धवराव आमेनपर्यंत थांबलेच नाहीत. ढोलकी काखोटीला मारून चऱ्होलीला घरी गेले, ते पुन्हा ना सभेला आले ना चर्चला. फोनही उचलेनात.

शांतवनराव वरवर म्हणत, "येईल झक मारत." पण संध्याकाळी चहा घेऊन गॅलरीत बसले की शेजारची रिकामी खुर्ची त्यांना खायला उठे. जन्माचा दोस्त गेला होता आणि तो आपणच घालवला होता. हे त्यांना कळत होतं, कबूल मात्र करवत नव्हतं.

ते बघून त्यांच्या बायकोने, विजयश्रीबाईंनी, एक पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. कोण्या जुन्या पाळकांनी ख्रिस्ती जीवनावर लिहिलेली छोटी छोटी चिंतनं. "वाचा जरा. जिवाला धीर येईल."

शांतवनरावांनी आधी छपाईच्या चुका काढल्या. मग वाचू लागले आणि खूश झाले. काय लिहितो हा माणूस! आळसावरचं चिंतन हुबेहूब जावईबापूंवर, कंजूषपणावरचं सोसायटीच्या सेक्रेटरीवर. पानांचे फोटो काढून ज्याचं त्याला मोबाइलवर पाठवायचा त्यांनी सपाटाच लावला.

"अहो, मी ते तुम्हाला वाचायला दिलं होतं," विजयश्रीबाई म्हणाल्या.

"वाचल्याशिवाय कसं कळणार, कोणाला काय पाठवायचं ते?"

रुसव्यावरचं चिंतन दिसलं तशी त्यांची कळी खुलली. 'रुसलेला माणूस प्रभूच्या मेजावरून स्वतःच उठून जातो,' अशी सुरुवात होती. पान पुरतं वाचायच्या आत फोटो उद्धवरावांना गेला. आणि नवल म्हणजे लगेच उत्तर आलं: "आर्धंच हाय. फुडचं पान धाड."

इतक्या दिवसांनी दोस्ताचा शब्द! शांतवनरावांनी पान उलटलं, पाठवण्याआधी सवयीने तपासलं, आणि मग पुन्हा तपासलं.

'हे वाचताना तुम्हाला दुसऱ्याच कोणाचा चेहरा आठवला असेल, तर पहिल्यापासून पुन्हा वाचा. हे तुमच्यासाठीच आहे. पण घाबरू नका. पेत्रानेही दुसऱ्या शिष्याकडे बघून, प्रभू, ह्याचं काय, असं विचारलं होतं. प्रभूने त्याला एवढंच सांगितलं की तू माझ्यामागे ये. त्याला टाकून दिलं नाही.'

ज्याने आयुष्यभर खोट असलेला माल टाकून दिला, त्या माणसाला ते शेवटचे शब्द फार लागले. त्यांना रडू आलं आणि बरंही वाटलं. फोटो काढायचं सोडून त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं आणि स्कूटर थेट चऱ्होलीला नेली.

दार उद्धवरावांनीच उघडलं. आत ये म्हणाले नाहीत.

"उद्धवा, माझं चुकलं," शांतवनराव उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "देवाच्या आडून तुला बोललो. तुझ्यावाचून करमत नाही रे मला."

उद्धवरावांनी त्यांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पान आनलंस का?"

"आणलंय. पण तुला एवढी कसली घाई?"

उद्धवराव ओशाळले. "तू धाडलेलं म्या बबनरावाला धाडलं. मेव्हना माझा. दिवाळीपासनं फुगून बसलाय. त्यो इचारतोय, फुडं काय लिव्हलंय?"

शांतवनरावांना हसू आवरेना. "आधी तू वाच."

उद्धवरावांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"ह्ये न्हाई धाडता यायचं त्याला," ते हळूच म्हणाले. "मलाच जावं लागंल त्याच्याकडं."

"चल, मी येतो सोबत."

उद्धवरावांनी पायात चपला सरकवल्या, दार ओढून घेतलं आणि स्कूटरवर मागे बसले.

"चल. पर तितं प्रार्थना म्या करनार."