उलट्या गावाचे पाच फर्मे

फर्मामावशी एकतीस वर्षं पुस्तकं बांधत होत्या आणि त्यांनी त्यातलं एकही वाचलं नव्हतं. वाचता उत्तम यायचं, पण म्हणायच्या, "मी वाचायला बसले की हात बसतो, आणि हात बसला की मालक उठतात." छापून आलेल्या सोळा पानी घड्या, म्हणजे फर्मे, टेबलाभोवती फिरत एकेक उचलायच्या. एखादा कमी असला तर नुसत्या अंगठ्याला कळायचं. तोंड मात्र फटकळ. त्याच छापखान्यात मी मुद्रितं तपासायचे, तर मला त्या "शाईतल्या उवा वेचणारी" म्हणायच्या.

मागच्याच महिन्यात त्यांच्या हातून एका पुस्तकात एक फर्मा दोनदा गेला. मालकांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "आता एक जरी चूक झाली, तर बांधणी बाहेर देईन." तेव्हापासून त्या प्रत्येक कामाआधी डमी, म्हणजे बांधणीचा नमुना, मागून घ्यायच्या.

त्यात ती कादंबरी आली. एका एकोणीस वर्षांच्या मुलीने लिहिलेली. कादंबरीतली मुलगी पाण्याच्या टाकीत उतरते, तर तळाशी तिचंच गाव उलटं टांगलेलं. तिथं सावल्या पुढे चालतात, माणसं मागून येतात, आणि तिचा गेलेला भाऊ तिथं जिवंत असतो. तिची गोष्ट पुस्तकाच्या पुढून सुरू होते, भावाची मागून, पुस्तक उलटं धरून. मधल्या पानावर दोघं भेटतात. म्हणून सहा फर्मे सुलटे आणि पाच मुद्दाम उलटे. तपासताना माझा जीव त्यात इतका अडकला की मी डमी घरी नेली, आणि ती माझ्या लेकीने बळकावली.

प्रकाशनाच्या दिवशी सकाळी मावशींनी विचारलं, "डमी कुठंय गं?"

"नेहमीसारखंच आहे मावशी, लावा."

डमी घरी राहिली हे सांगायची लाज वाटली. फर्मे मशीनवरून बरोबर रचूनच येतील, असं मी धरून चालले होते. तसे ते आलेही होते.

दुपारी एक वाजता मी बांधणीच्या खोलीत गेले. साठातल्या चाळीस प्रती शिवून तयार होत्या. एक उघडून चाळली. सगळी पानं सुलटी!

"मशीनवाल्या गाढवाने पाच फर्मे उलटे रचले होते," मावशी ऐटीत म्हणाल्या. "मी सरळ केले."

ते फर्मे मुद्दामच उलटे होते आणि डमी माझ्या घरी आहे, हे मी कसंबसं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण त्यांनी सुरी उचलली. "प्रती सभागृहात पाच वाजता लागतात ना? मग रडू नकोस. टाके काढ."

आम्ही टाके उसवू लागलो. घाईत ओढलं की घडीवर कागद फाटायचा, जपून करावं तर घड्याळ पळायचं. बारा प्रती उसवून झाल्या आणि दारात मालक उभे राहिले. जमिनीवर दोऱ्यांचा ढीग होता, लपवायला काहीच नव्हतं.

"मावशी, हे काय?"

"माझंच चुकलं. डमी मागायला हवी होती, मागितली नाही."

मालक म्हणाले, "मग सोमवारपासून येऊ नका." मावशींनी मान हलवली आणि पुढची प्रत ओढली. घरी माझं लहान लेकरू आहे, मिळवणारी मी एकटी, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्या पायावर पाय ठेवून दाबला, गप बस म्हणून.

मी गप्प बसलेही. अख्खी एक प्रत उसवून होईपर्यंत. मग मला ते सोसेना.

"मागितली होती त्यांनी," मी म्हणाले. "मीच खोटं सांगितलं. डमी माझ्या घरी आहे."

"कार्टे!" मावशी ओरडल्या. इतक्या रागाने त्या माझ्यावर कधीच ओरडल्या नव्हत्या.

संध्याकाळी बावन्न प्रती सभागृहात पोचल्या, आठ उसवताना फाटल्या. सोमवारी मावशी कामावर गेल्या, मी गेले नाही. आता मी दुसऱ्या छापखान्यात आहे, पगार कमी आहे, पण भागतं. मावशी माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी एवढं झाकलं आणि मी उघडं केलं, हा राग काही जात नाही. रस्त्यात दिसल्या की तोंड फिरवून चालू लागतात, आणि मी दोन गल्ल्या तरी त्यांच्या मागून चालत जाते.