आरशावरचा दयाळ

बसडेपोत गाड्या धुणाऱ्या बायकांत थोरलीचा दरारा होता. वयामुळे कमी, तोंडामुळे जास्त. हातमोजे तिनेच मुकादमाशी भांडून मिळवले होते, आणि ते फाटले की पहिली हाक तिलाच जायची. पण या तोंडाळ बाईचा एक हळवा कोपरा होता, पाखरांसाठीचा. डिझेलच्या टाकीवर शिक्रा बसला की तिचा ब्रश थांबायचा. टाकाऊ टायरांच्या ढिगात बुलबुलांनी घरटं केलं, तेव्हा पिल्लं उडेपर्यंत तिने कुणाला टायर हलवू दिला नाही. आणि रोज सकाळी काळा कोट, पांढरी बंडी घातलेला एक दयाळ शेपूट ताठ करून तिच्या रांगेतल्या बसच्या आरशावर गायला बसायचा. दिवसभर ओल्या पायांनी राबणाऱ्या बाईला एवढं सुख फुकटात मिळत होतं.

मग एक नवी बाई कामाला लागली, चष्मेवाली. थोरलीनेच तिची मान वर केली. खाली चिखल रोजचाच आहे, जरा वर बघ, म्हणाली. शिक्रा दाखवला, दयाळाची शीळ ओळखायला शिकवलं. चष्मेवाली शिकली, आणि मिरवायलाही लागली. चहाच्या वेळी ती दयाळाची अशी हुबेहूब नक्कल करायची की सगळ्या खिदळायच्या. पाऊस येतोय का हे बघण्यापुरतं वर पाहणारा मुकादमसुद्धा विचारू लागला, ‘‘काय चष्मेवाली, आज कोण पाहुणे?’’

थोरलीला चहा गोड लागेना. शिकवलं कोणी आणि कौतुक कोणाचं?

त्यातच दयाळाने रांग बदलली. तुमचा दयाळ हल्ली माझ्याकडे असतो हं, असं चष्मेवालीने हसत हसत सांगितलं. ते हसणंच झोंबलं. त्या दिवशी थोरलीने बसचा पत्रा असा घासला की रंग निघायचा बाकी राहिला.

मग तिने हेरलं. पलीकडच्या रांगेत नव्या गाड्या आल्या होत्या, आरसे लखलखीत. एवढंच ना? दुसऱ्या दिवशी लवकर येऊन तिने रद्दी चुरगाळून आपल्या गाड्यांचे आरसे चकचकीत केले. आणि आला की पठ्ठ्या! थोरलीने पाइप बंद केला. गाणं पलीकडे नीट ऐकू जायला हवं होतं.

पण गाणं मध्येच तुटलं. दयाळ आरशातल्या दयाळावर झेपावला. चोच, पंजे, पंख. मागे सरला, पुन्हा तुटून पडला. शेडच्या भिंतीच्या भोकात त्याची पिल्लं भुकेने ओरडत होती, मादी एकटी अळ्या आणून दमत होती, आणि हा आपल्याच छबीला हाकलत बसला होता. काचेवर लाल ठिपका उमटला. तरी थोरलीला क्षणभर वाटलंच, असू दे, निदान माझ्याकडे आहे.

मग तिचीच तिला लाज वाटली. तिने आरशावर फडकं टाकलं. दयाळ उडाला तो थेट पलीकडच्या आरशाशी भांडायला. आता चष्मेवालीकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

‘‘तुझे आरसे झाक,’’ ती म्हणाली.

‘‘का? तुमच्याकडे येत नाही म्हणून?’’

थोरलीच्या जिभेवर आलेली शिवी महत्प्रयासाने परत गेली. तिने चष्मेवालीला दंडाला धरून नेलं आणि काचेवरचं रक्त दाखवलं. चष्मेवालीने वाकून ठिपका पाहिला. मग हळूच म्हणाली, ‘‘पण ताई, झाकल्यावर तो येणार कोणाकडे?’’

‘‘कोणाकडेच नाही. पोरांकडे जाईल.’’

दोघींनी जुने हातमोजे आणि फडकी गोळा करून दोन्ही रांगांचे आरसे झाकले. मुकादम करवादला. गाडी निघताना ड्रायव्हर काढतील, त्यांचे हात काही झिजत नाहीत, असं थोरलीने त्याला सुनावलं.

काही दिवसांनी भर कामात चष्मेवालीने हात वर केला. ‘‘ऐकलंत का, ताई? शेडमागच्या तारेवर.’’

पाण्याच्या आवाजात थोरलीला काहीच ऐकू आलं नव्हतं.

‘‘केव्हाचं,’’ ती फणकाऱ्याने म्हणाली, आणि डोळ्यांवर हात धरून तारा धुंडाळू लागली.