वर केलेल्या हातातली नाडी

मायचा उजवा हात सुन्न पडू लागला, कापूस वेचणं सुटलं आणि घरातली एक मजुरी गेली. घरातला पहिला बी.ए. मी, मीच ‘मणका सरकलाय’ असं ठरवून तिला मानेचा पट्टा बांधला.

पांढरकवड्याच्या दवाखान्यातला एक्स-रेवाला प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायचा. तिसऱ्या खेपेला फोटो बघून म्हणाला, “माय, बोजा कसा धरतं? दाखव, दाखव.”

मायनं हात डोक्यावर नेला. त्यानं तिचं मनगट चाचपलं आणि माझी बोटं तिथं ठेवली.

नाडीच नव्हती!

“खाली घे माय, खाली घे.”

नाडी परत आली.

“मानेजवळ जास्तीची बरगडी हाय, बीए साहेब. रक्ताची नळी दाबून राह्यली. मोठ्या डॉक्टरले दाखवा.” हे मात्र तो एकदाच बोलला.

नागपूरला ती बरगडी काढली. यंदा मायनं पूर्ण हंगाम कापूस वेचला.